टिकल्यांचा नकाशा

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच वाद चालू होता. मुलीने कंपनीतली नोकरी ठेवायची की सोडायची. वाद घालणारा माझा मुलगा पुण्यात, फोनवर. जिच्याबद्दल वाद ती गप्प. आणि दोघांच्या मधे मी, कानाला फोन लावून पोळ्या लाटणारी.

यवतमाळहून लोहाऱ्याकडे निघालं की एमआयडीसीच्या अलीकडे आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, लागतो. मुलगी नवऱ्याला सोडून माझ्याकडे आली तेव्हा कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एका सकाळी उठली, अंघोळ केली आणि एमआयडीसीतल्या एका कपड्याच्या कंपनीत जाऊन काम मिळवून आली. शिवून आलेले शर्ट उलटेपालटे करून तपासायचे, टाका सुटलेला दिसला की बाजूला काढायचा. पहिल्या महिन्यातच ती पोटभर जेवायला लागली, आरशात बघायला लागली, माझ्या साड्यांना नावं ठेवायला लागली. मला त्या नोकरीकडून आणखी काही नको होतं.

अडचण होती ती सुटण्याच्या वेळेची. शिफ्ट सुटायची संध्याकाळी, आणि थंडीत तोवर अंधार पडलेला असायचा. डांबरी रस्त्याने यायचं तर मोठा वळसा, वर तिथे ओळीने ट्रक उभे. त्यांच्या मधून येण्यापेक्षा बायका नाल्याकाठची पायवाट धरायच्या. पायवाटेला दोन्हीकडून बाभळी, दिवा एकही नाही. मुलगा म्हणायचा, "सोडून दे म्हणा तिला. काही झालं तर काय करशील?" मी म्हणायची, अंधार रस्त्यावर आहे ना, मग दिवा रस्त्यावर लागू दे, पोरीला घरात कशाला बसवायचं? म्हणायला सोपं होतं. ती घरी येईपर्यंत मी गेटाशी उभी असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की झाडांना पाणी घालतेय.

अशात पोलीस ठाण्यातून निरोप आला. मंदिराच्या रस्त्यावर एका बाईचं मंगळसूत्र ओढून नेलं होतं आणि लेआउटमधली माणसं चिडून ठाण्यात गेली होती. ठाणेदार साहेबांनी ठरवलं की संध्याकाळच्या गस्तीला माणसं थोडी आहेत, तर ती कुठे फिरवायची हे राहणाऱ्या लोकांनाच विचारायचं. रीतसर सर्व्हे करायचा. कुठे भीती वाटते, केव्हा वाटते, कोणाची वाटते. काम एका पीएसआय मॅडमकडे दिलं होतं. मॅडम साताऱ्याकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलणं स्वच्छ आणि चहा बिनसाखरेचा. मंदिराच्या सभागृहात बैठक घेतली तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "घरोघर गेलो तर बायका बोलतील का?"

मी हात वर केला. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली नर्सबाई. कळंब तालुक्यातल्या खेड्यांत माझी सगळी नोकरी सर्व्हे करण्यात गेली. तापाचे, पोलिओचे, पाळणा लांबवण्याचे. दारात जाऊन विचारलं की उत्तर घरातला पुरुष देतो, पुरुष नसला तर सासू देते, आणि सून पदराआडून मान हलवते, हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यावर माझा एक उपायही ठरलेला होता. सासूला म्हणायचं, "आजी, जरा रेशनकार्ड दाखवता का?" म्हातारी ट्रंक उपसत बसायची आणि तेवढ्यात मी सुनेला हवं ते विचारून घ्यायची. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "काकू, आता रेशनकार्ड मोबाइलमध्ये असतं."

तेव्हा माझी शेजारीण उठली. शेजारीण म्हणजे लेआउटमधली सगळ्यांत उत्साही बाई. गणपतीची वर्गणी असो की नळाची तक्रार, तिला पुढे केल्याशिवाय आमचं पान हलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, संक्रांत येऊन राह्यली. आमच्या इथं रथसप्तमीपर्यंत रोज कोणाकडं ना कोणाकडं हळदीकुंकू असते. साऱ्या बाया एका जागी सापडतात, माणूस एक नसतो. तठीच विचारून घ्या ना."

सभागृहात सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमनी लगेच वहीत लिहून घेतलं. मीही जोरात म्हटलं, वा, काय डोकं चाललंय! खरंच चाललं होतं. आयुष्यभर मी सासवांना ट्रंकांकडे पाठवत राहिले आणि इथे पुरुष आपोआप घराबाहेर काढलेले. मला ती कल्पना इतकी आवडली की हळदीकुंकवाला मला बोलावणं नसतं, हे घरी येऊन चपला काढताना आठवलं.

हसूच आलं. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती आणि या न बोलावण्याची मला सवय झाली होती. आमच्या लेआउटमध्ये कोणी वाईट नाही. माझ्या हातचं इंजेक्शन सगळ्यांना चालतं, मध्यरात्री पोराला ताप आला तर माझंच दार वाजतं. फक्त जानेवारीत त्यांना थोडं अवघडायला होतं. शेजारीण दरवर्षी वाणातली एखादी वाटी नाहीतर चाळणी माझ्या कंपाउंडवरून देते, "उरली होती" म्हणून. मी घेते. चाळण्या चांगल्या असतात.

सर्व्हे झकास झाला. रोज संध्याकाळी शेजारीण मला कंपाउंडवरून बातमी द्यायची. मॅडमनी लेआउटचा मोठा नकाशा कागदावर काढून आणला होता. मंदिर, किराणा दुकान, शाळा, पाण्याची टाकी, नाला, सगळं दाखवलेलं. प्रश्नांचे कागद कोणी भरायचे, वेळ किती जातो, त्यापेक्षा जिथे भीती वाटते तिथे नकाशावर एक टिकली चिकटवायची, असं ठरलं. कुणी वाणातच टिकल्यांची पाकिटं ठेवली होती. तीळगूळ घ्यायचा, उखाणा घ्यायचा, टिकली लावायची. मॅडमही नऊवारी नेसून आल्या होत्या म्हणे. "अशा बोलल्या बाया, अशा बोलल्या," शेजारीण म्हणाली, "ठाण्यात जाऊन जन्मात बोलल्या नसत्या."

माझा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि त्यातच मी निश्चिंत होते. नाला नकाशावर आहे म्हटल्यावर त्या पायवाटेवर टिकल्या पडणारच. गस्त तिकडे फिरणार, दिवा लागणार, आणि मी पुण्याला फोन करून सांगणार की झालं बाबा, आता विषय बंद.

रथसप्तमीनंतर निकाल सांगायला पुन्हा बैठक बोलावली. भिंतीवर नकाशा टांगलेला होता. मी चष्मा लावून जवळ गेले. मंदिराचा रस्ता लालभडक झालेला. ज्यांच्या घरी हळदीकुंकू होतं त्यांच्या गल्ल्याही लाल. किराणा दुकानाच्या वळणावर थोड्या, मोकाट कुत्री बसतात तिथे थोड्या. नाल्याकाठची पायवाट कोरी. एक टिकली नाही. त्या बाजूची घरांची रांगही कोरी.

मॅडम समजावून सांगत होत्या. बायकांना सर्वांत जास्त भीती गळ्यातलं ओढून नेण्याची वाटते, मंदिराच्या रस्त्यावर, संध्याकाळी आरतीच्या वेळी. म्हणून गस्त त्या वेळेला त्या रस्त्यावर राहील. टाळ्या पडल्या. आरतीची वेळ आणि शिफ्ट सुटण्याची वेळ एकच होती.

मला राग पटकन येतो, नोकरीत त्यावरून दोनदा बदली झाली आहे. पण त्या दिवशी राग यायच्या आधी मला सगळं लख्ख दिसलं. मी उभी राहिले. "मॅडम," म्हटलं, "तुम्ही विचारलं कोणाला? ज्यांच्या गळ्यात मंगळसूत्र आहे त्यांना. तेही अंगावर घरातलं सगळं सोनं घालून बसल्या होत्या तेव्हा. मग त्यांना मंगळसूत्राचीच भीती आठवणार की नाही? ज्यांना बोलावणंच नाही त्यांच्या टिकल्या कोण लावणार होतं?"

मी पुढे बोलत गेले. माझ्यासारख्या विधवा. माझ्या मुलीसारख्या नवरा सोडून आलेल्या, ज्यांना बोलवायचं की नाही हे बायकांना ठरवता येत नाही म्हणून ज्यांना कोणीच बोलवत नाही. नाल्याकडची बौद्ध कुटुंबं, ज्यांच्याकडे हळदीकुंकू करतच नाहीत. आणि भाड्याने राहणाऱ्या कंपनीतल्या पोरी, ज्या त्या वेळेला मशीनवर असतात. "त्या पायवाटेने रोज चालतात त्या नेमक्या ह्याच," मी म्हटलं, "आणि तुमच्या नकाशात तिथे कोणालाच भीती वाटत नाही."

शेजारणीचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "मी कोणाले मुद्दाम टाळलं का, ताई?" नव्हतंच टाळलं. तेच तर मला सांगता येत नव्हतं. मॅडमनी नकाशावरच्या कोऱ्या पायवाटेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "काकू, माझंही लक्ष गेलं नाही. मला वरती अहवाल द्यायचाय, थोडे दिवस हातात आहेत. उरलेल्यांना तुम्ही विचाराल?"

दुसऱ्या दिवशी मी चपला घालत होते तर शेजारीण फाटकात उभी. तोंड फुगलेलंच होतं. "चाला," म्हणाली, "तुमी बोलता लय, पण लिहिता गचाळ. नकाशा मी धरते." आमच्या दोघींत माफी अशीच मागतात.

आम्ही दुपारनंतर फिरायचो, पुरुष कामावर आणि मुलं शाळेत असताना; कंपनीतल्या पोरींना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी गाठायचो. टिकल्या नको म्हटलं, पेनाने फुल्या मारू. मॅडमनी आधी छापून घेतलेले प्रश्नही मागून घेतले, जे हळदीकुंकवाच्या गडबडीत तसेच राहून गेले होते. त्यात शेवटचा प्रश्न मला फार आवडला. भीतीमुळे तुम्ही कोणती गोष्ट करणं सोडून दिलंय? नोकरीत मला असा प्रश्न कोणी दिला नव्हता. भीती वाटते का विचारलं की बाई म्हणते, नाही, कशाची भीती. काय सोडलं विचारलं की बोलायला लागते. एकीने ओव्हरटाइम सोडला होता. एकीने संध्याकाळी विहारात वंदनेला जाणं सोडलं होतं. माझ्याच वयाच्या एका विधवेने पलीकडच्या गल्लीतल्या बहिणीकडे जेवायला जाणं सोडलं होतं, आणि बहिणीला वाटत होतं की ही रुसली आहे. शेजारीण फुल्या मारत चालली होती. पायवाटेवर आता जागा उरली नव्हती.

नाल्याच्या अगदी कडेच्या घरात एक बौद्ध कुटुंब राहतं. घर लहान पण आरशासारखं, समोरच्या कट्ट्यावर बुद्धाची मूर्ती आणि ताजी फुलं. तिथली सून माझ्या मुलीच्याच कंपनीत. तिला त्या दिवशी सुट्टी होती. सासूने आम्हाला चहा दिला आणि मी रेशनकार्ड मागायच्या आधीच म्हणाली, "तुमी बोला निवांत, मी मागं कपडे काढते." अशी सासू कळंब तालुक्यात मला एकही भेटली नव्हती.

सून म्हणाली, "एक गाडीवाला हाय. दिवा बंद करून मागं मागं येते. काही बोलत नाही, हात लावत नाही. फक्त येते. आमी उभं राह्यलो की तो पण उभा राहते."

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. आमी चौघी-पाचजणी संगंच निघतो. तुमची पोरगी सगळ्यात मागं चालते. दगड असते तिच्या हातात." मग ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. "काकू, तुमाले माहीत नाही का?"

शेजारीण माझ्याकडे बघत होती. "माहीत आहे ना," मी म्हटलं. आणि चहाचा कप खाली ठेवला.

फाटकापाशी शेजारणीने नकाशा माझ्या हातात दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. मी आत येऊन बसले. मला त्या गाडीवाल्याचा राग आला होता, इतका की नाव-गाव कळलं असतं तर मी स्वतः गेले असते. पण त्याहून मोठा राग मुलीचा आला होता. दिवाळीच्या आधीपासून आजपर्यंत ही पोरगी रोज मागे कोणीतरी घेऊन घरी येत होती, दगड गेटाच्या अलीकडे टाकून देत होती, आत येऊन शर्टांच्या गमती सांगत होती, आणि मी शहाणी बाई लोकांच्या सुनांना बोलतं करत फिरत होते.

ती आली. हातपाय धुऊन ताटावर बसली. मी भांडायच्या तयारीत होते, पण भांडले असते तर ती उठून गेली असती, हे मला तिच्या लहानपणापासून माहीत आहे. मी कागद काढला, पेन काढलं, आणि समोर बसले.

"हे काय?" ती म्हणाली.

"सर्व्हे. तुझा राहिलाय."

"मले कायले विचारते? मले काही भेव नाही."

"सगळ्यांना विचारलंय. तुलाही विचारणार. कुठे भीती वाटते ते दाखव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे तिला कळलं. डाव्या हाताच्या बोटाने तिने नकाशावर जागा दाखवली, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या थोडं पुढे. मी फुली मारली. केव्हा? शिफ्ट सुटल्यावर. कोणाची? गाडीवाल्याची. ती भाजीत पोळी बुडवत एकेक उत्तर देत होती, जणू दुकानात यादी सांगतेय. मी लिहीत होते. मग शेवटचा प्रश्न आला आणि मी तो, बाकी सगळ्या बायकांना विचारला होता तसाच, वाचून दाखवला. भीतीमुळे तुम्ही कोणती गोष्ट करणं सोडून दिलंय?

तिने घास ताटात ठेवला.

"तुले सांगणं," ती म्हणाली.

मी लिहिलं नाही.

"सांगतलं असतं त काय केलं असतं तूनं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दादाले फोन केला असता. मंग दोघं मिळून म्हटलं असतं, सोड. तो गाडीवाला मले घरी नाही बसवू शकत, आई. तू बसवू शकते."

"मी कशी म्हणेन सोड? मी तर तुझ्या बाजूने भांडते त्याच्याशी."

"आता काय म्हणणार होती? खरं सांग."

आणि खरं म्हणजे ते शब्द तोंडात आलेलेच होते. नाल्याकडच्या त्या घरातून निघाल्यापासून आले होते. जळो ती नोकरी, काही नको, घरी बस. ते शब्द मी गिळले आणि तिला भाजी वाढली. तिने घास उचलला आणि जेवण पूर्ण केलं. ताट उचलताना म्हणाली, "लिही ना. तुमच्या मॅडमले दे." मी लिहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून भरपूर रडले.

मॅडमनी तो नकाशा आणि पहिला नकाशा शेजारी शेजारी लावून ठाणेदार साहेबांना दाखवला. गस्त वाटली गेली. आरतीच्या वेळी एक हवालदार मंदिराकडे पायी, आणि शिफ्ट सुटताना गाडीवरचे दोघं नाल्याच्या पुलाशी. मंदिराच्या रस्त्यावरच्या काही बायका नाराज झाल्या, आणि त्यांची समजूत शेजारणीनेच काढली. कशी काढली ते तिने मला सांगितलं नाही, पण तिचा आवाज माझ्या घरापर्यंत येत होता. दिव्यासाठी नगरपरिषदेला पत्र गेलं. खांब आला, तार यायला वेळ लागला. पुण्याला मी सगळं सांगितलं, गाडीवाल्यासकट. मुलगा खूप बोलला. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "जायचं की नाही ते ती ठरवेल. तू विचारायचं तर तिला विचार, आणि उत्तर ऐकून घ्यायची तयारी असेल तेव्हाच विचार."

काही दिवस गाडीवाला दिसला नाही. असं मॅडमकडून कळलं, त्या सुनेकडून कळलं. मुलीला मी विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता, आणि तिच्याकडून ऐकायचा हक्क मी एकदा घालवला होता, तो मागून परत मिळणार नव्हता. मी झाडांना पाणी घालणंही बंद केलं. आत बसायची, टीव्ही लावून, आवाज मोठा करून. एक अक्षर कानात शिरत नसे.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मी तव्यावर भाकरी टाकली होती. ती आली, दारात चपला काढल्या, माठातलं पाणी प्याली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आज तो आलता," ती म्हणाली.

भाकरी उलटायची होती. ती राहिलीच.

"पुलाच्या पलीकडं उभा होता. पोलिसायनं पाह्यलं त्याले. गाडीचा नंबर घेतला, ठाण्यात घेऊन गेले. मी पण सांगतलं त्याइले, हाच तो म्हणून. माझं नाव लिहून घेतलं. उद्या मॅडम बोलावणार आहेत बयान द्यायले." ती सांगत होती आणि तिच्या पायाचा अंगठा फरशीवर घासत होता. "लय भेव वाटलं, आई."

ठाणं, बयान, त्याच्या घरचे, त्याचे मित्र, लोक काय म्हणतील, पुण्याचा फोन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तोंडात काय आलं ते मला माहीत आहे आणि तिलाही माहीत होतं, कारण ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. भाकरी करपल्याचा वास आला. मी ती काढून बाजूला ठेवली, दुसरी थापायला घेतली.

"उद्या कोणती शिफ्ट आहे?" मी विचारलं.

"हीच," ती म्हणाली, आणि खाली बसून मला बाकीचं सांगायला लागली.